क्रिएटिनीन 'नॉर्मल', लघवी पाण्यासारखी: पाच महिन्यांच्या भाटीच्या किडन्या

पाच महिन्यांची गावठी भाटी, म्हणजे मादी मांजर, वजन १ किलो ३०० ग्रॅम. त्याच वेताचा तिचा भाऊ २ किलो २०० ग्रॅम. दोघांचं खाणं एका ताटलीत, जंताचं औषध एकाच दिवशी. फरक इतकाच की बोका ताटली चाटूनपुसून साफ करायचा आणि ही दोन घास खाऊन पाण्याच्या वाटीकडे वळायची. 'बारीक चणीची आहे' या एका वाक्यावर महिना गेला.

वाढत्या पिल्लाचं वजन सहा महिन्यांपर्यंत आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढतं. ते मोजायला दवाखान्यात जायची गरज नाही. स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून काटा शून्य करायचा आणि पिल्लू डब्यात बसवायचं. दर रविवारी, सकाळी, खाण्याआधी. तीन आठवड्यांत भाऊ ३४० ग्रॅमने वाढला आणि ही ६० ग्रॅमने. इथून पुढे 'चणी' हा शब्द बंद झाला.

पाणी किती पिते हे मोजणं नागपूरच्या एप्रिलमध्ये वाटतं तितकं सोपं नाही. कूलर चालू असलेल्या खोलीत वाटीतलं पाणी मांजर न पिताही कमी होतं. त्यावर उपाय म्हणून सारख्या दोन वाट्या घ्यायच्या. दोन्हीत ३०० मिली पाणी भरून एक मांजरापुढे ठेवायची आणि दुसरी त्याच खोलीत, पण जाळी घालून. चोवीस तासांनी जाळीतल्या वाटीत जितकं कमी झालं तितकं उडालेलं पाणी. ते वजा केलं की उरतं ते प्यायलेलं. अर्थात बोका त्या दिवशी दुसऱ्या खोलीत. हिचा हिशोब १९० मिली निघाला. रोज किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी म्हणजे नक्कीच जास्त, आणि ओलं अन्न खाणाऱ्या मांजरात त्याच्या निम्म्यालाही कान टवकारावेत. कूलरची टाकी मात्र या हिशोबात येत नाही, म्हणून ती झाकावी. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून कुणी त्यात रॉकेल टाकतं, कुणी फिनाईल. मांजर ते पाणी पितं, आणि फिनाईल मांजराला थेट विष आहे.

रक्ताच्या आधी लघवी तपासावी, हे आम्ही आता कुणालाही सांगतो. ट्रेमधली वाळू काढून ट्रे साबणाने धुवायचा, भरपूर पाण्याने खळबळायचा आणि त्यात मत्स्यालयात घालतात ते गुळगुळीत खडे धुऊन, वाळवून पसरायचे. खडे लघवी शोषत नाहीत. तळाशी साचलेली लघवी सुई नसलेल्या सिरिंजने ओढायची, दोन मिली पुरते. तासाभरात पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या पिशवीसोबत न्यायची. संसर्ग आहे का हे पाहायला कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) हवं असेल तर ट्रेमधली लघवी चालत नाही. त्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीत बघून पोटातूनच सुईने थेट मूत्राशयातली घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पिल्लू रक्त काढताना जितकं ओरडतं त्याहून कमी ओरडतं.

लघवीची घनता रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावरच मोजून घ्यावी. लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवरचा घनतेचा चौकोन माणसासाठी बनवलेला असतो, मांजरात त्याला अर्थ नाही. पांढऱ्या पेशींचा चौकोनही मांजरात उगाच 'आहे' म्हणतो. निरोगी मांजराची लघवी १.०३५ च्या वर दाट असते. हिची १.०११ भरली. १.००८ ते १.०१२ हा पट्टा म्हणजे किडनीने लघवी ना दाट केली ना पातळ, रक्तातून गाळून आलं तसंच खाली सोडून दिलं. एकदा तशी आली तर पुन्हा बघावं. हिची तीन वेगवेगळ्या दिवशी तशीच आली. अशा पातळ लघवीत प्रथिनाचा 'एक प्लस' दिसला तर तो दाट लघवीतल्या एक प्लसपेक्षा गंभीर असतो, कारण प्रथिन पाण्यात पसरलेलं असतं. म्हणून लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनीन गुणोत्तर करून घेतलं (क्रिएटिनीन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा एक कचरा), ते ०.३ आलं. ०.२ च्या खाली निर्धास्त, ०.४ च्या वर उपचार, ही मधे.

रक्ताच्या बाबतीत पहिला घोटाळा नळ्यांचा झाला. इवल्याशा शिरेतून रक्त थेंबाथेंबाने येत होतं. जांभळ्या झाकणाची नळी आधी भरली, आणि लाल झाकणाच्या नळीला कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं. संध्याकाळी रिपोर्ट आला: पोटॅशियम ९ च्या वर, कॅल्शियम ४. खरंच तसं असतं तर पिल्लू टेबलावर उभं राहिलं नसतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं ते पोटॅशियमचं मीठ, आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. म्हणून आधी लाल नळी भरायची, मग जांभळी, आणि एकीतलं दुसरीत कधीही ओतायचं नाही. दुसऱ्या वेळी नळ्या स्कूटरच्या डिकीत ठेवून सेमिनरी हिल्सवरून धंतोलीपर्यंत नेल्या, भर दुपारी. रक्तातल्या पेशी फुटल्या, सीरम (गोठल्यावर वर उरतो तो पातळ भाग) गुलाबी झालं, फॉस्फरस फुगून आला. तिसऱ्यांदा सकाळी आठला रक्त काढलं, सीरम तिथेच वेगळं करून घेतलं, आणि मग नेलं. एवढ्याशा जिवाचं रक्त तीनदा काढायला लागू नये, म्हणून हे इतकं सविस्तर.

तिसऱ्या रिपोर्टात क्रिएटिनीन १.७, युरिया ९६, फॉस्फरस ७.८, लाल पेशींचं प्रमाण २४ टक्के. क्रिएटिनीनसमोर लाल खूण नव्हती, कारण कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या मांजराची असते. नेमकं इथेच पिल्लांच्या बाबतीत सगळे फसतात. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. सव्वा किलोच्या, हाडं लागणाऱ्या पिल्लाजवळ स्नायू असून असून किती? त्याच दिवशी भावाचं रक्त घेतलं होतं, त्याचं ०.८ आलं. अंगात मांस जास्त असून त्याचा आकडा हिच्या निम्मा. सोबत वेतातलं भावंड असेल तर त्याच्यापेक्षा चांगला मापदंड मिळत नाही. उलट फॉस्फरसचं. ७.८ बघून घाबरायचं कारण नव्हतं, हाडं वाढत असताना तो पिल्लांत जास्तच असतो.

युरियाचं एक लक्षात ठेवावं. माणसांच्या प्रयोगशाळा बहुधा 'युरिया' लिहितात आणि पशुवैद्यकीय पुस्तकांत 'बीयूएन' असतं. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. ९६ म्हणजे ४५. हा भागाकार न करता तक्त्याशी ताडणारे लोक मांजर मेल्यात जमा धरतात.

लाल पेशी कमी म्हटल्याबरोबर किडनीला दोष देऊ नये. पिसवा आणि अंकुशकृमी पिल्लाला याहून जास्त पांढरं करतात. पिसवांची बारीक फणी आणि विष्ठा तपासणी हे आधी झालं पाहिजे.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान, २.४ आणि २.६ सेंटीमीटर. भावाच्या ३.३. कडा ओबडधोबड, बाहेरचा थर जास्त पांढुरका, आतला आणि बाहेरचा थर यातली रेघ पुसलेली. पाण्याच्या गाठी नाहीत, मूत्रवाहिनी फुगलेली नाही, खडा नाही. सोनोग्राफी करणारे माणसांच्या तपासणीला सरावलेले असतील तर लांबी मिलिमीटरमध्ये लिहून आणि चित्रं छापून मागावीत. नुसतं 'किडनी लहान' म्हणून पुढच्या वेळी तुलना करता येत नाही.

नाव द्यायच्या आधी बाकीची कारणं गाळावी लागतात, आणि त्यातली काही बरी होणारी आहेत म्हणून ही घाई नडते. एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूपासून होणारा, बहुतेकदा दोन वर्षांच्या आतल्या मांजरांचा आजार. त्यात किडन्या सहसा मोठ्या, खडबडीत दिसतात, ताप येतो, रक्तातलं ग्लोब्युलिन वाढतं; आणि आता त्यावर जीएस-४४१५२४ हे औषध आहे. किडनीतला जंतुसंसर्ग कल्चरने कळतो. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (मांजरांतला एचआयव्हीसारखा विषाणू) यांची झटपट चाचणी दोन थेंब रक्तात होते. लघवी पातळ पण रक्ताचे आकडे अगदी स्वच्छ असतील तर डायबेटिस इन्सिपिडसचा (साखरेचा नव्हे, लघवी दाटच न होण्याचा आजार) विचार करायचा. आणि विषबाधा. लग्नसराईत घरी येणाऱ्या पुष्पगुच्छांतली मोठ्या पाकळ्यांची ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली मांजराच्या किडन्या एक ते तीन दिवसांत निकामी करते. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरतं. कुंडीत लावतात ती पीस लिली वेगळी, तिने तोंडाची आग होते, किडनी जात नाही. गाडीचं कूलंट, आयबुप्रोफेन हेही या यादीत. मुलांचं तापाचं पॅरासिटामॉल किडनीच्या आधीच रक्तावर घाला घालतं, पण मांजराच्या घरात त्याचीही बाटली उघडी ठेवूच नये.

पर्शियन असती तर सगळ्यांनी पहिल्या मिनिटाला 'पीकेडी' म्हटलं असतं, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार. पीकेडीचा जनुकदोष २००४ मध्ये सापडला. आई-बापांपैकी एकात असला तर निम्म्या पिल्लांत उतरायची शक्यता असते, आणि गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर चाचणी होते. पण त्यातल्या गाठी जन्मापासून असल्या तरी हळू वाढतात. किडनी हात टेकते ती बहुतेकदा मधल्या वयात, सातेक वर्षांच्या आसपास. पाच महिन्यांचं पर्शियन पिल्लू खंगत असेल तर पीकेडीवर बोट ठेवून मोकळं होऊ नये. अ‍ॅबिसिनियन जातीत किडनीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तेही तरुणपणी. आपल्या गल्लीतल्या मांजरांत हे दोन्ही क्वचित.

उरलं ते रीनल डिसप्लेसिया. म्हणजे किडनीची जडणघडणच नीट झाली नाही. मांजराच्या एका किडनीत साधारण दोन लाख गाळण्या असतात. इथे त्यातल्या कित्येक गर्भावस्थेतल्या कच्च्या रूपातच राहतात, मधे नुसती भरताड ऊती. कारण प्रत्येक वेळी हाती लागत नाही. पोटात असताना किंवा जन्मल्याबरोबर पॅनल्युकोपेनियाचा (मांजरांचा एक घातक संसर्ग) विषाणू लागला तर असं होऊ शकतं, आणि म्हणूनच गाभण मांजरीला किंवा महिन्याच्या आतल्या पिल्लाला त्याची जिवंत विषाणूची लस देत नाहीत. पक्कं निदान फक्त तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली. अडीच सेंटीमीटरच्या किडनीतून तुकडा काढायचा म्हणजे रक्तस्रावाचा धोका, आणि उत्तर आलं तरी उपचार तेच. म्हणून कागदावर 'बहुधा' हा शब्द राहिला. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

किडनीचे टप्पे 'आयरिस' या आंतरराष्ट्रीय गटाच्या तक्त्याने ठरवतात: क्रिएटिनीन १.६ च्या खाली पहिला, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा, त्यावर चौथा. टप्पा ठरवताना अंगातलं पाणी आधी भरून काढायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. पिल्लाच्या बाबतीत सोबत एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घ्यावी, त्यावर स्नायूंचा परिणाम नसतो. हिचं २४ आलं, दुसरा टप्पा १८ ते २५ चा. रक्तदाब मोजताना पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी. पिल्लाला सगळ्यात लहान पट्टाही मोठा होतो आणि दाब खोटा कमी दिसतो. दहा मिनिटं शांत बसू द्यायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा, पुढच्या पाचांची सरासरी. १३५ आला. १६० च्या वर असता तर अ‍ॅम्लोडिपिन लागलं असतं.

खाण्याबाबत डॉक्टरांचं आणि आमचं एकमत व्हायला वेळ लागला. किडनीचं तयार अन्न प्रथिन आणि फॉस्फरस दोन्ही कमी करतं. ते म्हाताऱ्या मांजरासाठी बेतलेलं. वाढत्या पिल्लाला प्रथिन तोडलं तर किडनी वाचवता वाचवता ते स्वतःचेच स्नायू खातं. ठरलं असं की पिल्लांचं ओलं अन्न चालू, सुकट-बोंबील आणि हाडं बंद, दूध बंद, आणि फॉस्फरस वयाबरोबर उतरला नाही तर अन्नात बांधणारं औषध. दहाव्या महिन्यात तो ७.१ वरच अडला तेव्हा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुरू केलं, दिवसाला किलोमागे ६० मिलीग्रॅम, दोन वेळच्या खाण्यात विभागून. ते अन्नातच मिसळलं पाहिजे. रिकाम्या पोटी दिलं तर बांधायला फॉस्फरसच नसतो. दुकानात मिळणारं ॲसिडिटीचं गुलाबी औषध हे नव्हे, त्यात मॅग्नेशियमही असतं. 'भाऊ, साधं पाहिजे, मिक्स नको,' असं तीन दुकानांत सांगावं लागलं.

नुसतं बिनहाडाचं उकडलेलं चिकन हाही एक मोठा गैरसमज. त्यात कॅल्शियम जवळपास नाही, फॉस्फरस भरपूर. निरोगी पिल्लाचीही हाडं त्यावर मऊ पडतात, आणि किडनीच्या पिल्लात तर ती आधीच धोक्यात असतात. महिन्यातून एकदा दोन बोटांनी जबडा दाबून बघावा. लवचिक लागला किंवा दात हलले की कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडची (कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) तपासणी. मान छातीकडे झुकलेली दिसली तर बहुधा पोटॅशियम कमी झालंय.

आता कातडीखालच्या सलाईनचं, कारण घरात रोजचं काम तेच. मोठ्या मांजराला बाटली टांगून देतात. सव्वा किलोच्या पिल्लाला तसं देऊ नये, थेंब मोजता मोजता दुप्पट जातं. ५० मिलीची सिरिंज आणि हिरव्या पंखांचा २१ गेजचा स्काल्प व्हेन सेट (नळी जोडलेली सुई) घ्यायचा. रिंगर लॅक्टेट ३० मिली, दिवसाआड, हे डॉक्टरांनी तिच्या वजनावर ठरवलेलं. डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली चालत नाही. बी-कॉम्प्लेक्स मिसळलं तर झोंबतं आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू सिरिंज बघून कपाटामागे जातं.

आधी नळीतली हवा काढायची. खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुईचं तिरकं तोंड वर ठेवून तंबूच्या बुडाशी, पाठीला समांतर घालायची. हळू दाबायचं, ३० मिलीला दोन-तीन मिनिटं. फर ओली झाली तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. दाबलं जात नसेल तर टोक कातडीला टेकलंय, किंचित मागे घेऊन फिरवायचं. थोडी हवा गेली तर बोटाखाली करकर लागते, त्याने काही होत नाही. सुई काढल्यावर जागा अर्धा मिनिट चिमटीत धरायची. उंचवटा हळूहळू पुढच्या पायाकडे ओघळतो, हे बघून लोक घाबरून फोन करतात. सात-आठ तासांत तो जिरला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर पुढचं सलाईन द्यायचं नाही. झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला तर ताबडतोब दवाखाना. हृदयाचा दोष असलेल्या पिल्लाला सलाईन फुफ्फुसात उतरतं, म्हणून सुरुवातीला छाती ऐकून घेतलेली असावी.

ज्यांच्याकडे बाटली टांगूनच द्यायची सोय आहे त्यांनी बाटलीवरच्या रेघांवर विसंबू नये, मऊ प्लास्टिक आत दबतं आणि रेघ खोटी पडते. आधी आणि नंतर बाटली त्याच काट्यावर तोलावी. एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम.

तापमानाचं पुस्तकात लिहिलेलं असतं की बाटली कोमट करून द्या. जानेवारीच्या रात्री ते बरोबर, गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवून मनगटावर थेंब टाकून बघायचं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या उन्हात, उलटं. बाल्कनीच्या कपाटात ठेवलेली बाटली हाताला चटका देण्याइतकी तापलेली असते. ती घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवावी.

मळमळीची खूण दरवेळी उलटीच नसते. पिल्लू वाटीपाशी येतं, वास घेतं, जीभ नाकावर फिरवतं आणि निघून जातं. आधी मळमळीचं औषध, मग भुकेचं. उलट क्रमाने दिलं तर भूक लागते पण खाववत नाही. मळमळीवरच्या मॅरोपिटंटचं इंजेक्शन फ्रिजमधून काढून गारच दिलं तर कमी झोंबतं. भुकेसाठी मिर्टाझापिन ७.५ मिलीग्रॅमच्या गोळीचा चतकोर, हे मोठ्या मांजराचं माप, आणि किडनी अधू असेल तर ते एक दिवसाआड. हिला त्याहून कमी, पाण्यात विरघळवून मोजून.

नसबंदी अकराव्या महिन्यात केली. आदल्या रात्री पाणी उचललं नाही, भूल देण्याच्या आधीपासून शिरेतून सलाईन, शस्त्रक्रियाभर रक्तदाबावर नजर, आणि दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम नको हे चिठ्ठीवर लाल शाईने. याच टेबलावर कधीकधी उलटंही उमगतं: गर्भाशयाचं एक शिंग जन्मतःच नसलेल्या भाटीत त्याच बाजूची किडनीही नसू शकते. असं दिसलं की टाके घालण्याआधी डॉक्टरांनी हात घालून किडनी चाचपावी आणि मालकाला लिहून द्यावं.

पंधराव्या महिन्यात वजन २ किलो ३५० ग्रॅम, क्रिएटिनीन २.६, यातला थोडा भाग वाढलेल्या स्नायूंचा. घनता १.०१२. लाल पेशी २६ टक्के. फॉस्फरस ४.५, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या ४.६ च्या मर्यादेत. फेब्रुवारीअखेरचे हे आकडे. पुढचं रक्त मेच्या पहिल्या आठवड्यात, पारा ४५ कडे जायच्या आत, सकाळी आठला, लाल नळी आधी.